छोट्या तळ्याला उंची द्यायची आहे, कोणती झाडं लावू? (बेळगाव, सिमेंटचं तळं)

परसबाग_हिंडवाडी
नमस्कार मंडळी. घरामागच्या परसात एक छोटं तळं बांधून घेतलंय. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड फूट खोल. साधारण हजार लिटर पाणी बसतं. कडेला जांभ्याचे चिरे, आतून सिमेंटचा गिलावा. पश्चिमेला कंपाउंडची भिंत आहे. त्या बाजूला आत एक पायरी ठेवलीय, तिच्यावर वीतभर पाणी राहतं. दोन वॉटर लिली आणल्यात, गप्पी मासे शेजारच्या काकू देणार आहेत.

एवढं करूनही तळं नजरेत भरत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर चिऱ्यांची कड दिसते आणि तिच्यामागं पांढरी भिंत. मध्ये पाणी आहे हे कळतच नाही. पाण्यातून सरळ वर येणारं काहीतरी हवंय. नर्सरीत विचारलं तर "पपायरस न्या, झकास दिसतंय" म्हणाले.

ऊन सकाळी नऊ ते तीन असतं. उन्हाळ्यात नळाला पाणी रोज येत नाही, पण घरची जुनी विहीर आहे. जून-जुलैचा वारा बेळगावकरांना सांगायला नको. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे आणि सासूबाईंना डासांची धास्ती आहे. काय लावू?

तिसरं_गेट
अंब्रेला पाम लावा ताई. लव्हाळ्याच्या कुळातलं आहे, काटक, पाण्यात मुळं बुडाली तरी मजेत असतंय. विकत आणू नका, कुणाच्या तरी बागेत असतंयच. दांड्याच्या टोकाला पानांची छत्री असते, तशी एक छत्री दोन बोटं दांडा ठेवून कापा, पानांची टोकं अर्धी छाटा आणि बादलीत उलटी तरंगत सोडा. दोन-तीन आठवड्यांत मधल्या भागातून मुळं आणि कोंब निघतात.

तांबडी_माती
ताई, झाडाच्या आधी उंची ठरवा. माझा ठोकताळा असा, की पाण्याच्या वर दिसणारी उंची तळ्याच्या लांबीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असावी. तुमच्या ६ फुटांना ३ ते ४ फूट पुरतात. त्याहून कमी असेल तर चिऱ्यांच्या कडेत हरवतं, जास्त असेल तर पाणी झाडाच्या पायाशी सांडल्यासारखं वाटतं.

म्हणून पपायरस नको. आपल्या हवेत तो ७-८ फूट सहज जातो आणि तितकाच पसरतो. दांडा लांब, टोकाला जड झुपका, त्यामुळं पावसाळी वाऱ्यात मधूनच मोडतो. मोडलेले दांडे पाण्यात कुजतात आणि पाण्याला वास येतो. नर्सरीत ठेंगणा पपायरस म्हणून दोन-अडीच फुटी जात मिळते, ती चालेल, पण तुमच्या खिडकीतून ती जेमतेम दिसेल.

दुसरं म्हणजे उंच झाड एकच ठेवा. अंगणात तुळशीवृंदावन एकच असतं आणि नजर आपसूक तिकडं जाते, तसं. चार बाजूंना चार उंच झाडं लावली की तळं विहिरीसारखं खोलात गेलेलं दिसतं. आणि ते एक झाड मध्यभागी नको, मागच्या कोपऱ्यात हवं. समोरचं निम्मं पाणी मोकळं राहिलं तर त्यात झाडाचं प्रतिबिंब पडतं. तळं लहान असेल तर खरी उंची तिथून मिळते.

कोपरा कोणता, हेही महत्त्वाचं आहे. बेळगाव १६ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. मधल्या काळात तो थोडा उत्तरेकडं झुकतो, बाकी सगळं वर्ष दक्षिणेकडून जातो. दक्षिणेच्या कडेला उंच झाड लावलं तर पाणी गार असतं त्या थंडीच्या दिवसांतच लिलीवर सावली येईल आणि फुलं थांबतील. पश्चिमेला लावलं तर एप्रिल-मेचं उतरतं ऊन अडतं, पाणी कमी तापतं. तुमची पायरी पश्चिमेलाच आहे, त्यातला वायव्येचा कोपरा धरा. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तोही भिंतीमुळं थोडा तुटेल.

रान_निपाणी
आमच्याकडं ओढ्याच्या कडंला पाणकणीस मायंदाळ हाय. सरळ वर जातंय, वर त्या तपकिरी कणसाचा डौल बघा की ओ! वाऱ्यानं वाकतंय पण मोडत न्हाई. पैसा लागत न्हाई, एक गड्डा उपटून आणला की झालं. ताईंना पायजे तर मी देतो.

मलप्रभाकाठ
दादा, पाणकणसाचा डौल मलाही आवडतो, पण हजार लिटरच्या तळ्यात ते सोडू नका. जमिनीखालून त्याचे कोंब आडवे धावतात आणि टोकं इतकी अणकुचीदार असतात की प्लास्टिकच्या कागदाचं तळं असेल तर कागद फाडून बाहेर निघतात. सिमेंटच्या तळ्यात कुंडी फोडतात. एकेका कणसातून हजारोंनी बी कापसासारखं उडतं आणि शेजारच्या गटारीत, ओढ्यात जाऊन बसतं. उंचीही माणसाच्या डोक्यावर जाते. शेततळ्याच्या कडेला ठीक, परसात नाही.

ताई, नर्सरीवाला "वर निळी फुलं येतात, छान तरंगतं" म्हणून जलपर्णी गळ्यात घालायला लागला तर हात जोडा. कोल्हापूरच्या रंकाळ्यानं आणि पंचगंगेनं हे केंदाळ किती भोगलंय ते सगळ्यांनी पाहिलंय. परसातलं तळं पावसात भरून वाहिलं की एक रोपटं नाल्यात जायला वेळ लागत नाही. तळ्यात काय लावलं याचा हिशेब कंपाउंडच्या आत संपत नाही, असं मला मनापासून वाटतं.

निळं फूलच हवं असेल तर पिकरेल नावाचं झाड काही नर्सऱ्यांत मिळतं. कुंडीत राहतं, दोन-अडीच फूट होतं, पण तेही कुंडीतच ठेवा.

रान_निपाणी
पटलं. आमच्या काळ्या रानात ओढा सोडून त्ये कुठं जात न्हाई म्हणून ध्यानात आलं न्हवतं. शेताच्या कडंलाच राहू दे मग.

ओढ्याकाठी_जांबोटी
सगळे पाण्याच्या आतल्या झाडांबद्दल बोलतायत. मी म्हणेन, उंची पाण्यात न लावता काठावर लावा. तळ्यातली कुंडी १२-१४ इंचांची, त्यात ४ फुटी झाड किती तग धरणार? काठावरच्या मातीत मुळं मोकळी राहतात आणि दिसायला झाड पाण्यातून आल्यासारखंच दिसतं.

आमच्या भागातलं पहिलं नाव सोनटक्का. ओलसर माती, थोडी सावली, चार-पाच फूट उंची, आणि श्रावण-भाद्रपदात असा वास की रात्री खिडकी बंद करवत नाही. तळं भरून वाहतं तिथं बाहेर एक वाफा करा आणि गड्डे तिथं लावा. पावसाळ्यात वरचं पाणी त्याला मिळतं. फुलोरा संपलेले दांडे मुळापासून कापायचे, नवे खालून येतात.

दुसरं पेव. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर दुतर्फा दिसतं ते. जिन्यासारखी फिरत वर चढणारी पानं, लाल कणसातून पांढरी फुलं. पण थंडी सरली की ते जमिनीखाली झोपतं आणि वळवाच्या पावसावर पुन्हा उगवतं. त्यामुळं उन्हाळ्यात जागा रिकामी दिसेल.

तिसरा वाळा. चार फुटी झुपका, मुळं सरळ खाली जातात, आडवा पसरत नाही. उन्हाळ्यात माठात घालायला घरचा वाळा मिळतो तो वेगळाच. पात्याची कड मात्र धारदार असते, लहान मूल आहे म्हणून सांगतोय.

एक विनंती. यातलं काहीही रानातून उपटून आणू नका. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून झाड काढणं हा गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरही, रस्त्याकडेचं पेव रविवारच्या गाड्यांबरोबर शहरात जायला लागलं तर आम्हाला काय उरणार? गड्डे वाटून घ्या, नर्सरीतून घ्या.

परसबाग_हिंडवाडी
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. सोनटक्का तर लावणारच, माझ्या आईच्या दारात होता. पण तो पावसाळ्याचा राजा. मला जानेवारीतही काहीतरी उभं दिसायला हवंय. वेखंड चालेल का? ते पाण्यात वाढतं असं ऐकलंय. आणि कमळ लावावं असं ह्यांचं म्हणणं आहे.

तांबडी_माती
जानेवारीचा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरं केलंत, कारण बरेच जण झाड ऑगस्टमध्ये पाहून ठरवतात.

बेळगावच्या थंडीत अंब्रेला पाम हिरवा राहतो, वाढ मंदावते एवढंच. म्हणून मुख्य उंचीसाठी माझं मत त्यालाच. ३ ते ५ फूट होतो, वर छत्र्या आणि खाली नुसते दांडे, त्यामुळं मागची भिंत झाकली जाते पण पाणी झाकलं जात नाही. जुने पिवळे दांडे बुडातून कापत राहिलं की उंची हातात राहते.

वेखंड अडीच-तीन फूट जातं. तलवारीसारखी सरळ पाती, कुस्करलं की सुगंध. पाणी मिळत राहिलं तर थंडीतही बऱ्यापैकी टिकतं, कोरडं पडलं की पाती वाळून जातात. त्याच्या गड्ड्यावर दोन-तीन इंचच पाणी हवं, म्हणजे तुमच्या पायरीवर वीट ठेवून कुंडी उचलावी लागेल. अंब्रेला पामच्या पुढं जरा बाजूला वेखंड ठेवलं तर उंचीला उतार मिळतो: मागं चार फूट, मग अडीच, मग लिलीची पानं. नर्सरीवाला कानडी असेल तर "बजे" म्हणून मागा, लगेच कळेल.

गुरुजी_चिकोडी
कमळाविषयी थोडे लिहितो. कमळ आणि वॉटर लिली यांत मोठा फरक आहे. लिलीची पाने पाण्यावर पसरतात. कमळाची पहिली पाने तरंगतात आणि नंतरची दांड्यावर उभी राहून पाण्याच्या दोन-तीन फूट वर येतात. म्हणजे कमळ स्वतःच उंची देते, आणि त्यासारखी शोभा दुसऱ्या कशाला नाही.

त्याला दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे, ते आपल्याकडे आहे. टब गोल घ्यावा, १८ ते २४ इंच व्यासाचा, तळाला भोक नसलेला. चौकोनी टबात धावणारे मूळ कोपऱ्यात अडकते. कंदाचे टोक अत्यंत नाजूक असते, ते मोडले तर कंद वाया जातो. आरंभी मातीवर तीन-चार इंच पाणी ठेवावे, उभी पाने आल्यावर वाढवावे. खतही उभी पाने आल्यानंतरच, कागदात गुंडाळून चिखलात खोल खुपसावे.

मलप्रभाकाठ
गुरुजी, कमळाबद्दल दुमत नाही, पण ६ बाय ४ मध्ये कमळ आणि दोन लिली एकत्र बसणार नाहीत. कमळाची मोठी पानं दोन महिन्यांत लिलीवर सावली धरतील. आणि नोव्हेंबरपासून कमळाची पानं करपतात, ताईंना जानेवारीत उंची हवीय. कमळ लावायचंच असेल तर तळ्याशेजारी वेगळ्या टबात ठेवावं. बुटक्या जाती टबात छान फुलतात.

गुरुजी_चिकोडी
मान्य. वेगळा टब हाच उत्तम मार्ग. त्यात दोन-चार गप्पी सोडायला मात्र विसरू नये.

तिसरं_गेट
कर्दळ कुणीच सुचवली नाही? मुळं पाण्यात चालतात, सांडपाणी शुद्ध करायच्या वाफ्यातही लावतात. लाल-पिवळी फुलं, शिंजीर दिवसभर येतात.

ओढ्याकाठी_जांबोटी
चालेल, पण रुंद पानं जुलैच्या वाऱ्यात फाटून चिंध्या होतात. सोनटक्क्याच्या वाफ्याजवळ लावली तर बरी. अळूही पाण्याकाठी देखणं दिसतं, पण कच्च्या पानानं तोंड-घसा खाजतो. मुलगी लहान आहे तोवर हाताच्या अंतरावर नकोच.

चतुर_आणि_टाचणी
सासूबाईंच्या डासांबद्दल कुणीतरी लिहायला हवं. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. गप्पी अळ्या खातात हे सगळ्यांना माहीत आहे. पण उंच झाडांचंही इथं काम आहे. चतुर आणि टाचण्या (चतुराचेच बारीक भाऊबंद) यांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि तीही डासांच्या अळ्या खातात. पूर्ण वाढ झालेलं पिल्लू पाण्याबाहेर सरळ दांड्यावर चढतं, बहुतेक रात्री किंवा पहाटे, आणि कात टाकून पंख पसरतं. दांडा नसेल तर त्याला बाहेर यायला धड जागाच नसते. गुळगुळीत सिमेंटच्या तळ्यात वेखंडाची पाती किंवा अंब्रेला पामचे दांडे असले की चतुर यायला लागतात. दांड्यांवर चिकटलेल्या कोरड्या काती दिसल्या तर झटकू नका, मुलीला दाखवा.

दाट झुडपाच्या बुडात पाणी अडून राहिलं आणि मासे आत जाऊ शकले नाहीत तर अळ्या तिथंच वाचतात. म्हणून कुंडीतले दांडे विरळ ठेवायचे आणि पाण्यात पडलेली पानं उचलायची. गप्पी बाहेरदेशीचे मासे आहेत, तळं साफ करताना ते नाल्यात सोडू नयेत.

गृहिणी_वडगाव
मुलीसाठी पाण्याच्या पातळीच्या जरा वर गंज न धरणारी जाळी बसवून घ्या, आधाराला पाइप लावून, माणसाचं वजन पेलेल अशी. झाडांसाठी जाळीत गोल कापून जागा ठेवता येते. तरीही मूल एकटं सोडायचं नाही. बाकी सगळं नंतर, आधी हे करा.

परसबाग_हिंडवाडी
जाळीचं आजच सांगते. कुंड्यांत माती कोणती घालू? आणि गिलावा नवा आहे, मासे सोडायला हरकत नाही ना?

तांबडी_माती
थांबा, मासे सोडू नका! नव्या सिमेंटातून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी इतकं क्षारीय होतं की गप्पी तडफडून मरतात, लिलीची पानंही जळतात. तळं भरा, केळीच्या खुंटाचे मोठे तुकडे टाका आणि आठ-दहा दिवस कुजू द्या. मग पाणी काढून टाका, आतून ब्रशनं घासा, पुन्हा भरा. असं दोन-तीनदा. पीएच (पाणी किती क्षारीय आहे तो आकडा) मोजायच्या पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, आकडा साडेआठच्या खाली स्थिर झाला की मासे सोडा. तोवर लिली बादलीत ठेवा. विहिरीचं पाणी चांगलं. नळाचं वापरलं तर दिवसभर उघडं ठेवून मग घाला, क्लोरीन उडून जातं.

माती जड हवी. आपली तांबडी माती दोन भाग आणि निपाणीकडची काळी एक भाग, एवढंच. शेणखत, गांडूळखत, कोकोपीट यातलं काही नको. खत पाण्यात विरघळलं की हिरवं शेवाळ धरतं, कोकोपीट तर तरंगूनच वर येतं. वरून दोन बोटं जाड वाळू किंवा खडी पसरा, म्हणजे मासे माती उकरत नाहीत.

कुंडी बसकी आणि रुंद घ्या. खानापूरकडं मातीच्या पसरट कुंड्या चांगल्या मिळतात. उंच निमुळत्या कुंडीतलं चार फुटी झाड पहिल्याच जोराच्या वाऱ्यात पाण्यात आडवं होतं. तळाशी दोन दगड ठेवून मग माती भरा.

उन्हाळ्याचा हिशेबही धरून ठेवा. तुमच्या तळ्याचा पृष्ठभाग सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास आहे. एप्रिल-मेच्या कडक दिवसात नुसतं वाफेनं रोज पंधरा-वीस लिटर जाईल, उंच झाडं पितात ते वेगळं. रोज सकाळी एक-दोन घागरी घातल्या तर पातळी राहते. आठवड्यानं एकदम भरलं तर वेखंडाचा गड्डा मधल्या दिवसांत उघडा पडतो.

ओढ्याकाठी_जांबोटी
आणि पावसाळ्यासाठी वरून दोन-तीन इंच खाली एक पाइप काढा, तोंडाला जाळी लावून. आमच्याकडं एका रात्रीत एवढा पाऊस येतो की तळं काठोकाठ भरून मासे अंगणात येतात. हिंडवाडीत तेवढा नसला तरी पाइप हवाच, आणि तो सोनटक्क्याच्या वाफ्यात सोडा.

परसबाग_हिंडवाडी
तर असं ठरवतेय: वायव्य कोपऱ्यात अंब्रेला पाम, त्याच्या पुढं वेखंड, लिली दोनच्या ऐवजी एक, बाहेर पाइपाजवळ सोनटक्का. दुसरी लिली बहिणीला देईन. कमळाचा टब पुढच्या वर्षी. हे सगळं आत्ता मेमध्ये लावू की पाऊस सुरू झाल्यावर?

तांबडी_माती
छत्री आत्ताच कापून बादलीत सोडा, केळीचे खुंट टाकून तळं मुरेपर्यंत तिला मुळं फुटतील. सोनटक्क्याचे गड्डे वळवाचे एक-दोन पाऊस झाले की लावा. वेखंड मिरगाला. पहिलं वर्ष अंब्रेला पाम दोन-अडीच फुटांवरच राहील, त्याला खत घालून पळवू नका, लुसलुशीत दांडे वाऱ्यात मोडतात.

गृहिणी_वडगाव
वेखंड विकत घेऊ नका ताई. माझी कुंडी दाटलीय, मिरगाच्या आसपास विभागणारच आहे. येताना ओलं पोतं आणि पसरट घमेलं आणा, मुळाची माती न झाडता तसाच गड्डा देते. पत्ता निरोपातून कळवते.